अवजड ट्रकचं डिझेल इंजिन: आधी निदान, मग पाना

ओढ कमी झाली म्हणून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे सहाही इंजेक्टर बदलले. फरक पडला नाही म्हणून इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो बदलला. तरी गाडी चढावर मरतेच, आणि शेवटी इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजला क्लिपच्या खाली बोटभर चीर सापडते. असं गॅरेजमध्ये सर्रास घडतं. मिस्त्रीचा हात चांगला असतो, पण तपासायचा क्रम चुकतो आणि सगळ्यात महाग भागावर सगळ्यात आधी संशय जातो. हा लेख त्या क्रमाविषयी आहे. एकही बोल्ट सैल करण्याआधी काय विचारायचं, काय बघायचं, काय मोजायचं आणि इंजिन खोलावंच लागलं तर कोणती मापं घेतल्याशिवाय ते परत बांधायचं नाही, हे यात सांगितलं आहे.

इथले आकडे २४ व्होल्टच्या, सहा सिलिंडरच्या ट्रक इंजिनांना साधारणपणे लागू पडतात. टॉर्क, क्लिअरन्स आणि लायनरची (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीची) मापं मात्र त्या त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावीत. एका इंजिनाचा आकडा दुसऱ्याला लावून बांधलेली इंजिनं पुन्हा खोलावी लागतात.

हात घालण्याआधी

चाकांना ठोकळे लावा. केबिन उचलली की तिचा लॉक बसला का ते हाताने हलवून बघा, कारण केबिन खाली आली तर सुटायला जागा नसते. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. वायरिंगला किंवा सेल्फला हात लावायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढा.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात चालू इंजिनावर एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून मिस कुठे आहे ते शोधत असत. सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून (रेलमधून) उच्च दाबाचं डिझेल देणाऱ्या कॉमन रेल इंजिनावर ही पद्धत जिवावर बेतू शकते. रेलमधला दाब आयडलला ३००-४०० बार आणि पूर्ण भारावर १६०० ते २५०० बारपर्यंत जातो. अशा दाबाची सुईएवढी धार कातडी भेदून डिझेल थेट आत घुसवते. बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही फारसं नाही, पण आतल्या पेशी मरत जातात. असं झालं तर मलम लावून वाट न बघता ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा आणि ‘दाबाखालचं डिझेल आत गेलंय’ असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लीक शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा.

टर्बोचं सील गेलं असेल तर इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत सुसाट सुटू शकतं. अशा वेळी चावी बंद करून उपयोग होत नाही, हवा बंद करावी लागते. त्यामुळे टर्बोच्या कामानंतर पहिला स्टार्ट घेताना हवेच्या तोंडावर दाबून धरता येईल अशी जाड सपाट फळी जवळ ठेवा. तिथे हात किंवा कापड कधीही लावू नका.

चालकाला विचारा

चालकाशी दहा मिनिटं बोलून जे कळतं ते कित्येकदा स्कॅनरही सांगत नाही. त्रास हळूहळू वाढला की एकदम आला? थंड इंजिनात होतो की तापल्यावर? रिकाम्या गाडीला की भरलेल्या? डिझेल नेहमीच्याच ठिकाणी भरलं का? ऑइल किंवा कूलंट वरून किती घालावं लागतं? या सगळ्यांपेक्षा मोलाचा प्रश्न म्हणजे, त्रास सुरू होण्याच्या आधी गाडीवर शेवटचं काम कोणतं झालं? फिल्टर बदलल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाडी सकाळी उशिरा सुरू होत असेल, तर फिल्टरच्या सीलपासून सुरुवात करायची. तिथे इंजेक्टरचा विचारसुद्धा करायचा नाही.

तक्रार स्वतः अनुभवा. ‘पिकअप नाही’ या एकाच वाक्यात बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) कमी, डिझेल कमी, ब्रेक धरतोय, क्लच घसरतोय आणि ईसीयूने (इंजिनाच्या संगणकाने) मुद्दाम ताकद कमी केलीय, इतकी कारणं लपलेली असतात.

डोळे, नाक आणि एक पारदर्शक बाटली

डिपस्टिक काढा आणि पातळीबरोबर ऑइलचा रंग आणि वासही बघा. पातळी वाढलेली आणि ऑइल पातळ, डिझेलचा वास येणारं असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. इंजेक्टरचे ओ-रिंग, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचं सील किंवा गळका इंजेक्टर ही त्याची नेहमीची कारणं. काही इंजिनं धुरातली काजळी अडवणारा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी सिलिंडरमध्येच उशिरा जास्तीचं डिझेल सोडतात. तिथे ती साफसफाई वारंवार अर्धवट सोडली गेली तरी ऑइल पातळ होतं. ऑइल दुधाळ झालं असेल तर पाणी मिसळलंय, आणि अशा ऑइलवर इंजिन पुन्हा सुरू करायचं नाही.

वॉटर सेपरेटरमधलं डिझेल पारदर्शक बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं आणि वर-खाली दोन थर स्पष्ट दिसतात. तळाला काळा गाळ किंवा गंज दिसला तर टाकी उघडून साफ करावीच लागेल. नुसता फिल्टर बदलला तर तोही काही दिवसांत भरेल.

मग धुराकडे वळा. सेल्फ मारत असताना, इंजिन सुरू व्हायच्याही आधी, सायलेन्सरकडे एक माणूस उभा करा. इंजिन फिरतंय, सुरू होत नाही आणि धुराचा लवलेशही नाही, याचा अर्थ सिलिंडरमध्ये डिझेल जातच नाही: पुरवठा, रेलचा दाब, क्रँक-कॅम सेन्सर किंवा जुन्या पंपाचा स्टॉप सोलेनॉइड तपासा. पांढरा धूर निघतोय पण इंजिन धरत नाही, याचा अर्थ डिझेल जातंय पण पेटत नाही: कॉम्प्रेशन, फिरण्याचा वेग, टायमिंग किंवा थंडीत हीटर बघा. या एका निरीक्षणाने अर्धं काम हलकं होतं.

इंजिन चालू असताना भारावर काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर टिकून राहिला आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट आत जातंय. मात्र ज्या गाड्यांना काजळीचा फिल्टर आहे तिथे सायलेन्सरचं तोंड स्वच्छ दिसतं म्हणून इंजिन निरोगी मानू नका, कारण काजळी आत अडकलेली असते.

बॅटरी आणि सेल्फ

हा टप्पा फार लोक गाळतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा ते अठरापट दाबली की तिचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. इंजिन हळू फिरलं तर दाबलेली हवा सिलिंडरच्या भिंतींना उष्णता देऊन बसते आणि रिंगांच्या बाजूने निसटतेही. मग ‘कॉम्प्रेशन गेलं’ असं वाटणारं इंजिन नुसत्या बॅटऱ्या बदलून टुणकन सुरू होतं.

दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. पूर्ण चार्ज असलेली प्रत्येक बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. एक १२.६ आणि दुसरी ११.९ असेल तर बेरीज बघून फसगत होते. सेल्फ मारताना २४ व्होल्टची यंत्रणा साधारण १९ व्होल्टच्या खाली जायला नको, आणि इंजिन मिनिटाला किमान दीडशे फेऱ्यांनी फिरायला हवं. व्होल्टेज त्याहून खाली कोसळत असेल तर काही ईसीयू सेल्फ मारतानाच बंद पडून पुन्हा सुरू होतात, आणि मग भलतेच कोड नोंदले जातात.

केबल डोळ्यांनी तपासता येत नाही. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची केबल किंवा तिचा जोड खराब आहे. हेच पॉझिटिव्ह बाजूलाही करा. मीटरचे आकडे सेल्फ फिरत असतानाच वाचायचे, कारण भार नसताना कुजलेली केबलसुद्धा शून्य दाखवते.

स्कॅनर काय सांगतो, काय सांगत नाही

ट्रकमध्ये बहुतेक ठिकाणी जे१९३९ ही संवादपद्धत असते. तिच्या कोडचे दोन भाग असतात: एसपीएन म्हणजे कुठल्या गोष्टीबद्दल तक्रार आहे, आणि एफएमआय म्हणजे तक्रार कोणत्या प्रकारची आहे. एसपीएन १०० म्हणजे ऑइलचा दाब, ११० म्हणजे कूलंटचं तापमान, १०२ म्हणजे बूस्ट, १५७ म्हणजे रेलचा दाब. लोक पहिला आकडा वाचून थांबतात, पण खरं निदान दुसऱ्यात असतं. एफएमआय ३ किंवा ४ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज फार वर किंवा फार खाली आहे, आणि ५ म्हणजे बहुधा तार तुटलेली. हे विजेचे दोष आहेत, त्यासाठी इंजिनाला हात लावायचा नाही, आधी वायरिंग आणि कनेक्टर बघायचे. ० किंवा १ म्हणजे सेन्सर नीट सांगतोय आणि माप खरोखरच फार वाढलंय किंवा फार घटलंय. एसपीएन १०० सोबत एफएमआय १ आला तर सेन्सर बदलून बघायचा मोह टाळा. साधं काट्याचं प्रेशर गेज लावा आणि ऑइलचा खरा दाब वाचा. तो खराच कमी असेल तर सेन्सर बदलून गाडी पाठवणं म्हणजे क्रँक घालवणं.

एकाच वेळी चार-पाच सेन्सरचे कोड आले तर सगळे सेन्सर एका दिवशी मरत नाहीत. अनेक सेन्सर एकाच ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालतात. एकाची तार कुठेतरी घासून बॉडीला लागली की बाकीचेही खोटं बोलू लागतात. एकेक कनेक्टर काढत जा. ज्याच्या वेळी ५ व्होल्ट परत येतात, दोष त्याच शाखेत आहे. आणि स्कॅनर इंजिनाशी बोलतच नसेल तर बॅटरी काढून संवादाच्या दोन तारांमधला रोध मोजा. दोन टोकांना १२० ओमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणून मीटरवर ६० ओमच्या आसपास यायला हवं. १२० आला तर एक टोक सुटलंय.

कोड मुळीच नसतानाही स्कॅनरचा एक सुंदर उपयोग होतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी इंजिन सुरू न करता नुसती चावी लावा आणि आकडे वाचा. कूलंट, हवा, डिझेल, ऑइल या सगळ्यांची तापमानं एकमेकांच्या दोन-तीन अंशांत हवीत. बूस्टच्या सेन्सरने, तो निखळ दाब दाखवत असेल तर, वातावरणाच्या दाबाएवढाच दाब दाखवायला हवा, आणि ऑइलचा दाब शून्य हवा. यात जो वेगळा बोलतो तो सेन्सर कोड न टाकताही इंजिनाला चुकीची माहिती पुरवतोय.

डिझेलची वाट: टाकीपासून इंजेक्टरपर्यंत

कमी ताकद आणि सुरू न होणे या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा कमी दाबाच्या बाजूला असतं आणि खापर फुटतं हाय प्रेशर पंपावर. म्हणून टाकीकडून सुरुवात करा.

फीड पंपाच्या आधी, ओढणाऱ्या लाइनमध्ये, हातभर पारदर्शक नळी जोडा आणि इंजिन सुरू करा. सुरुवातीचे बुडबुडे निघून गेले की डिझेल काचेसारखं स्वच्छ वाहायला हवं. तशी नळी हाय प्रेशर पंपाकडे जाणाऱ्या लाइनवर मात्र लावू नका, तिथे दाब असतो. मिनिटभराने एखादा बुडबुडा जाणं आणि मोत्यांच्या माळेसारखी सलग रांग जाणं यांत फरक ओळखा. रांग असेल तर लाइन हवा धरतेय. या बाजूला दाब उणा असतो, म्हणून डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. त्यामुळे कोरड्या दिसणाऱ्या जोडावर विश्वास ठेवता येत नाही. पारदर्शक नळी टप्प्याटप्प्याने टाकीकडे सरकवत जा. बुडबुडे जिथे थांबतात, त्या जागेच्या आणि आधीच्या जागेच्या मधला जोड दोषी. बॅन्जो जोडाचे वॉशर, सेपरेटरच्या बाउलचं सील, हँड प्रायमर आणि टाकीतल्या ओढ-नळीला पडलेली चीर ही नेहमीची ठिकाणं. शेवटची असेल तर गाडी टाकी भरलेली असताना ठीक चालते आणि निम्म्यावर आली की आचके देते.

हवा नसेल तर अडथळा बघा. ओढणाऱ्या लाइनवर व्हॅक्युम गेज लावून इंजिन पूर्ण वेगाने फिरवा आणि नवा फिल्टर टाकूनही व्हॅक्युम जास्तच राहिला तर चेपलेली लाइन, टाकीतली जाळी किंवा बंद झालेला टाकीचा ब्रीदर शोधा. टाकीचं झाकण सैल केल्यावर गाडी सुधारत असेल तर उत्तर हातात आलंच.

आता उच्च दाब. स्कॅनरवर ईसीयूने मागितलेला आणि प्रत्यक्ष रेल दाब शेजारी शेजारी लावा. सेल्फ मारताना बहुतेक कॉमन रेल इंजिनांना इंजेक्टर उघडायला साधारण २०० ते २५० बार तरी लागतात. त्याच्या खाली दाब अडकला असेल तर पंप दोषी ठरवण्याआधी दाब कुठून निसटतोय ते शोधा. रेलवरच्या प्रेशर लिमिटिंग व्हॉल्व्हची रिटर्न नळी काढून बाटलीत धरा. सेल्फ मारताना तिथून डिझेल येता कामा नये. मग प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या मापाची एकेक बाटली लावा आणि ठरावीक वेळ इंजिन चालवा किंवा सेल्फ मारा. पाच बाटल्यांत तळाला थोडंसं आणि सहावी निम्मी भरली, तर तो एक इंजेक्टर आतून गळतोय आणि साऱ्या रेलचा दाब खातोय. अशा वेळी सहा इंजेक्टरचा खर्च एकावर येतो. सहाही बाटल्या सारख्या आणि मर्यादेत असतील तेव्हा कुठे पंपाचं नाव घ्यायचं. ज्या इंजिनांत रिटर्न हेडच्या आतूनच जातो तिथे ही चाचणी एकत्रित रिटर्नवर करावी लागते आणि मग इंजेक्टरच्या लाइन एकेक करून बंद कराव्या लागतात. त्यासाठी खास बूच मिळतात, घरगुती जुगाड चालवू नका.

पंप काढावाच लागला आणि त्यात धातूचा चुरा सापडला, तर नुसता पंप बदलणं व्यर्थ आहे. चुरा रेलमध्ये, पाइपांत आणि इंजेक्टरांत पोचलेला असतो, टाकीतही परत गेलेला असतो. पूर्ण यंत्रणा धुऊन किंवा बदलूनच काम करायचं, हे मालकाला आधीच समजावून सांगणं मिस्त्रीचं कर्तव्य आहे.

हवा आणि धुराची वाट

एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंत होज तपासा. टर्बोच्या आधीच्या होजला चीर पडली असेल तर धूळ गाळल्याशिवाय आत जाते आणि लायनर-रिंगा घासते. टर्बोनंतरची चीर बूस्ट सोडते आणि काळा धूर देते. ती सापडवायला इंटरकूलरची दोन्ही तोंडं बुचांनी बंद करा, बूच उडू नयेत म्हणून साखळीने बांधा, साधारण २ बार हवा भरा आणि झडप बंद करून काटा बघा. काही सेकंदांत तो सरसर घसरला तर साबणाचं पाणी फवारून जागा शोधा.

टर्बोची कंप्रेसर बाजू उघडून शाफ्ट बोटांनी धरा. आडवा थोडा खेळ असणारच, तो ऑइलच्या थरासाठी असतो. पंखा घराला घासतोय का आणि पुढे-मागे खेळ जाणवतो का हे महत्त्वाचं. टर्बोच्या तोंडाशी ऑइल दिसलं म्हणून लगेच टर्बो बदलू नका. गच्च भरलेला एअर फिल्टर, क्रँककेसचा तुंबलेला ब्रीदर किंवा टर्बोची बंद होत आलेली ऑइल रिटर्न नळीसुद्धा चांगल्या टर्बोतून ऑइल बाहेर ओढते. आणि टर्बो खरोखरच मेला असेल तर तो का मेला, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका: ऑइलची नळी कार्बनने भरलीय का, ऑइल पातळ झालंय का, पंख्याचे तुकडे इंटरकूलरमध्ये पडलेत का.

काजळीचा फिल्टर वारंवार भरत असेल तर तो बहुधा इंजिनाच्या दुसऱ्या आजाराचं लक्षण असतो. गळका इंजेक्टर, बूस्टची गळती आणि ऑइल जाळणारं इंजिन त्याला वेळेआधी भरतात. उभ्या गाडीत साफसफाई सुरू केली की एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास जातो, म्हणून वाळलेलं गवत किंवा ज्वलनशील काहीही जवळ नको.

सिलिंडर: कोणता आळशी आहे

स्कॅनरने एकेक सिलिंडर बंद करत जा. जो बंद केल्यावर आवाजात आणि फेऱ्यांत फरकच पडत नाही, तो काम करत नव्हता. स्कॅनर नसेल तर थंड इंजिन सुरू करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक तोंडाचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने वाचा. मागे राहणारं तोंड लगेच कळतं.

आता तो सिलिंडर इंजेक्टरमुळे आळशी आहे की कॉम्प्रेशनमुळे? बऱ्याच ईसीयूंमध्ये सापेक्ष कॉम्प्रेशनची चाचणी असते. प्रत्येक दाबफेरीला क्रँक किती मंदावतो, यावरून ती तुलना करते. शंका आली तर गेज लावून प्रत्यक्ष मोजा. निरोगी इंजिनात आकडे साधारण २५ ते ३५ बारमध्ये येतात, पण एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधली तफावत जास्त बोलते. टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची मोकळीक) बिघडून व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसला तरी कॉम्प्रेशन कमी दिसतं, म्हणून हेड उतरवण्याआधी टॅपेट तपासा. १-५-३-६-२-४ या फायरिंग ऑर्डरच्या इंजिनात ६ नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह ओव्हरलॅपवर (एक मिटत आणि दुसरा उघडत) आले की १ नंबर दाबफेरीच्या टोकाला असतो, म्हणजे त्याचे टॅपेट मोजता येतात. ५ आणि २, ३ आणि ४ यांची जोडीही तशीच.

ब्रीदरमधून भकाभका धूर येतोय म्हणून रिंगा गेल्या असं ठरवण्याची घाई करू नका. ब्लो-बाय (रिंगांच्या बाजूने क्रँककेसमध्ये निसटणारा वायू) मॅन्युअलमध्ये सांगितलेलं छिद्र असलेलं बूच आणि पाण्याचा मॅनोमीटर लावून मोजा. टर्बोचं सील आणि ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर, दोन्ही क्रँककेसमध्ये हवा भरू शकतात. कॉम्प्रेसरमुळे आणखी एक चकवा होतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले की सगळे हेड गॅसकेटकडे बोट दाखवतात, पण पाण्याने थंड होणाऱ्या कॉम्प्रेसरचं छोटं गॅसकेट गेलं तरी तस्सेच बुडबुडे येतात. ब्रेकच्या टाक्या भरून कॉम्प्रेसर अनलोड होईपर्यंत (हवा दाबणं थांबवेपर्यंत) थांबा. त्या क्षणी बुडबुडे कमी झाले तर हेडला हात लावायची गरज नाही. तसंच कूलंट बाहेर कुठेही न गळता कमी होत असेल तर ईजीआर कूलरही (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा) बघा. थंड इंजिनात कूलिंग सिस्टिमला पंपाने दाब देऊन काही तास ठेवा आणि कूलरची एक्झॉस्ट बाजू उघडून ओल आहे का पाहा.

कूलंटमध्ये ऑइल दिसलं तर आधी ऑइल कूलर तपासा. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, म्हणून ऑइल तिकडे जातं. इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब उतरतो, कूलंटचा टिकतो आणि वाहण्याची दिशा उलटते.

खोलायचं ठरलं तर

प्रत्येक भाग कोणत्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा: पुशरॉड, रॉकर, लायनर, बेअरिंग. बेअरिंगचे पाट पुसून फेकू नका, क्रमाने मांडा आणि वाचा. एकाच बाजूला झीज म्हणजे रॉड वाकडा किंवा जर्नल तिरका. सगळ्यांवर बारीक ओरखडे म्हणजे घाण ऑइल. सगळ्यांचा वरचा थर पुसल्यासारखा म्हणजे ऑइलमध्ये डिझेल किंवा ऑइलचा दाब कमी. रॉड तोडून बनवलेल्या जातीचा असेल तर त्याची कॅप दुसऱ्या रॉडला कधीच बसत नाही, आणि तुटलेल्या खडबडीत पृष्ठावर रॉड उभा ठेवायचा नाही.

ओल्या (बाहेरून थेट कूलंट लागणाऱ्या) लायनरची बाहेरची बाजू धुऊन उजेडात धरा. थ्रस्टच्या बाजूला (जिकडे पिस्टन जोराने दाबला जातो) उभ्या रेषेत सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसली तर ते कूलंटचं काम आहे. लायनर कंपतो, बुडबुडे फुटतात आणि धातू कुरतडला जातो. कूलंटमधल्या संरक्षक रसायनाची पातळी न राखता नवा लायनर टाकला तर त्यालाही तीच छिद्रं पडतील.

हेड गॅसकेट वारंवार जाण्याचं सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे लायनरची उंची. लायनरची कडा ब्लॉकच्या पृष्ठापासून काही शतांश मिलिमीटर वर यायला हवी, म्हणजे गॅसकेटचं कडं तिथे घट्ट दाबलं जातं. आसन कार्बन आणि गंज पूर्ण काढून कोरडं करा, लायनर ओ-रिंगशिवाय बसवा, क्लँपने खाली दाबा आणि डायल गेजने चार ठिकाणी मोजा. एकाच लायनरच्या चार मापांत फरक आला तर आसन वाकडं किंवा खाली घाण आहे. एकाच हेडखालच्या शेजारच्या लायनरांत मॅन्युअलपेक्षा जास्त फरक आला तर शिम (पातळ कडं) टाकून सारखं करा. हेडचा सपाटपणा सरळ पट्टी आणि फिलर गेजने लांबीत, रुंदीत आणि तिरका बघा.

हेड बोल्टची भोकं हवेने साफ करा. बंद तळाच्या भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट घट्ट करताना दाबाने ब्लॉक तडकू शकतो, आणि टॉर्क पाना बोल्ट न ओढताही ‘झालं’ म्हणून टिचकी मारतो. बोल्टची लांबी मोजा, ताणलेला बोल्ट परत वापरू नका. मधून बाहेरच्या क्रमाने, सांगितलेल्या टप्प्यांत, आधी टॉर्क आणि मग अंश.

इंजेक्टर बसवताना जुना तांब्याचा वॉशर आसनातच चिकटून राहिला आहे का, हे टॉर्च आणि आरसा घालून बघा. एकावर एक दोन वॉशर झाले की टोक वर राहतं, फवारा चुकतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये आसनाभोवती काळा डांबरासारखा कार्बन साचतो. पाइप उघडले त्या क्षणी सगळ्या तोंडांना स्वच्छ टोप्या लावा. कित्येक कंपन्या हाय प्रेशर पाइप एकदाच वापरायला सांगतात, कारण त्यांच्या शंकूचं टोक पहिल्या घट्ट करण्यातच आकार घेतं. इंजेक्टरवर छापलेला कोड ईसीयूमध्ये ज्या त्या सिलिंडरला भरा.

पहिला स्टार्ट

फिल्टरमध्ये वरून डिझेल ओतू नका. ते न गाळता स्वच्छ बाजूला जातं. हँड प्रायमर कडक होईपर्यंत मारा. ऑइल भरल्यावर इंजेक्शन बंद ठेवून सेल्फ थोडा थोडा मारा, मध्ये त्याला थंड होऊ द्या आणि गेजवर ऑइलचा दाब आल्यावरच डिझेल चालू करा. टर्बोच्या तोंडात आधी स्वच्छ ऑइल घातलेलं असावं.

इंजिन सुरू झालं की पहिल्या काही सेकंदांत ऑइलचा दाब, मग गळती, मग कूलंटमधली हवा. नव्या रिंगांच्या इंजिनाला तासभर आयडलवर ठेवू नका, लायनर गुळगुळीत होऊन रिंगा बसत नाहीत. तापल्यावर त्याला मध्यम भारावर चालवा.

पहिल्या फेरीनंतर ऑइल फिल्टर कापून घडी उलगडा आणि चुंबक फिरवा. बारीक चमक अपेक्षित असते, पापुद्रे नसावेत. सांगितल्या वेळी टॅपेट पुन्हा तपासा. मग गरम इंजिनाचे आयडलचे आणि पूर्ण भाराचे आकडे, म्हणजे रेल दाब, बूस्ट, ऑइलचा दाब, ब्लो-बाय आणि सेल्फ मारतानाचा व्होल्टेज, त्या गाडीच्या नावाने वहीत नोंदवा. पुढच्या वेळी ‘ओढत नाही’ अशी तक्रार आली की पहिली तुलना त्या पानाशी करा.